खाटेशेजारचा पहारा: वाशीम जिल्हा आणि रुग्णनिरीक्षणाचा इतिहास

गंभीर रुग्णाच्या शरीरात घडणारे बदल वेळच्या वेळी टिपणे, ते शक्य तितके आकड्यांत मांडणे आणि त्या आकड्यांवरून उपचारांची दिशा ठरवणे या कामाला वैद्यकात रुग्णनिरीक्षण म्हणतात. आणि ज्या रुग्णाच्या बाबतीत हे निरीक्षण घटकाभरही थांबवून चालत नाही, त्याच्या शुश्रूषेला अतिदक्षता असे नाव आहे. या विषयाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि लायपझिग, कोपनहेगन, टोकियो अशा शहरांच्या नावांनी तो भरलेला असतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात उभे राहून पाहिले, तर त्याच इतिहासाचे मोजमाप बदलते. यंत्र कोणत्या साली आले याला येथे दुय्यम महत्त्व आहे. ते वाचणारे माणूस रात्रपाळीला केव्हापासून हजर राहू लागले आणि आकडा घसरल्यावर करायचा उपचार त्याच इमारतीत केव्हापासून मिळू लागला, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील बासीम या जिल्ह्याचे ते मुख्य ठाणे होते, परंतु १९०५ मध्ये तो जिल्हा मोडण्यात आला, वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला आणि पुसद यवतमाळला जोडले गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन होऊन वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. मधल्या ९३ वर्षांचा परिणाम महसुली कारभारापुरता मर्यादित राहिला नाही. सरकारी आरोग्यव्यवस्थेत तज्ज्ञांची पदे, शस्त्रक्रियागृह, रक्तसाठा आणि अतिदक्षता कक्ष हे सारे प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठाण्याला मिळते. तालुक्याच्या गावाला त्याहून पुष्कळच कमी. त्यामुळे श्वास लागलेला, विष घेतलेला किंवा बाळंतपणात अडलेला रुग्ण सुमारे ८० किलोमीटर अंतरावरच्या अकोल्याला नेणे हीच या भागाची कित्येक दशके रीत होती. पूर्णा ते अकोला हा लोहमार्गही २००८ पर्यंत मीटरगेजच होता. रुग्ण वाटेत असताना त्याच्याकडे कोण पाहत होते, या प्रश्नाचे उत्तर त्या काळापुरते एकच आहे: सोबतचे नातेवाईक.

यंत्रे येण्यापूर्वी निरीक्षण नव्हतेच असे समजणे मात्र चुकीचे होईल. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा बारा अध्यायांचा भाग जवळजवळ संपूर्णपणे अरिष्टलक्षणांना, म्हणजे मृत्यू जवळ आल्याचे सुचवणाऱ्या चिन्हांना, वाहिलेला आहे. वर्ण, स्वर, श्वास, डोळ्यांची स्थिती यांतील बदल त्यात बारकाईने सांगितले आहेत. अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवून नाडी पाहण्याची पद्धत शार्ङ्गधरसंहितेत येते आणि नंतरच्या वैद्यपरंपरेत ती निदानाचे मुख्य साधन बनली. या परंपरेची नजर सूक्ष्म होती यात शंका नाही, परंतु तिच्यात एका गोष्टीचा अभाव होता, तो म्हणजे नोंदीचा. सकाळची नाडी आणि मध्यरात्रीची नाडी एकाच कागदावर शेजारी मांडून त्यांतील फरकावरून निर्णय घेण्याची सोय तिच्यात नव्हती. वैद्य येऊन नाडी पाहून जात असे, आणि रात्र जागवण्याचे काम घरातल्या बायकांकडे राहत असे.

हा अभाव युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरून निघू लागला. लायपझिगचे कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या तापाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे मोजता येण्याजोगे लक्षण आहे, त्याच्या चढउताराच्या रेषेवरून रोग ओळखता येतो, असे दाखवून दिले. त्याच सुमारास इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंच लांबीचा, पाच मिनिटांत वाचन देणारा तापमापक तयार केला. त्याआधीचे तापमापक फूटभर लांब असत आणि त्यांना वीस मिनिटे लागत. १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोच्ची यांनी दंडावर फुगवायच्या पट्ट्याचे रक्तदाबयंत्र बनवले, आणि १९०५ मध्ये रशियातील निकोलाय कोरोटकॉफ यांनी पट्टा सैल होताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब कसे ठरवावेत हे सांगितले. योगायोगाने त्याच वर्षी बासीम जिल्हा मोडला गेला. तापमापक, घड्याळ, रक्तदाबयंत्र आणि चौकटींचा कागद एवढ्या साहित्यावर पुढची पन्नास वर्षे जगातील बहुतेक रुग्णालयांचे निरीक्षण चालले.

वाशीममध्ये ही पद्धत रुजवणाऱ्या संस्थांत मिशन रुग्णालयाचे स्थान ठळक आहे. चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या वतीने १९३६ मध्ये भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. पंथाच्या परदेशी कार्याचे प्रवर्तक हायरम रेनॉल्ड्स यांचे नाव त्याला देण्यात आले. स्पायकर यांच्या मदतीला निघालेल्या डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि त्यांच्या सहकारी जेराल्डिन चॅपेल या १९४१ मध्ये वाटेत मनिला येथे युद्धात अडकल्या, जपान्यांच्या सांतो तोमास छावणीत त्यांना १९४५ पर्यंत बंदिवास भोगावा लागला, आणि त्यानंतरच त्या भारतात पोहोचल्या. ज्या काळात वऱ्हाडात स्त्री डॉक्टर विरळाच आढळे, त्या काळात एका तालुक्याच्या गावी स्त्रियांनी स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी चालवलेले हे रुग्णालय किती मोठी गोष्ट होती, हे वेगळे सांगायला नको.

या इतिहासाच्या दृष्टीने त्या रुग्णालयाची सर्वांत महत्त्वाची देणगी परिचारिकांचे शिक्षण ही होय. प्रशिक्षित परिचारिका ठरलेल्या वेळी खाटेपाशी जाते, काखेत किंवा जिभेखाली तापमापक ठेवते, मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत नाडीचे ठोके मोजते, रुग्णाच्या लक्षात येऊ न देता त्याचे श्वास मोजते आणि हे तिन्ही आकडे खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर बिंदूंनी मांडते. टेम्परेचर, पल्स आणि रेस्पिरेशन या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून रुग्णालयांतून आजही हा तक्ता टीपीआर चार्ट म्हणूनच ओळखला जातो. टायफॉइडमध्ये ताप चढत असताना नाडी त्या मानाने मंद राहते, आतड्याला भोक पडले की ताप एकाएकी उतरतो आणि नाडी मात्र धावू लागते. या दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या की परिचारिकेने डॉक्टरांना उठवायचे असते. कागदावरच्या दोन रेषांच्या छेदाला धोक्याची घंटा मानण्याची ही शिस्त म्हणजेच पुढच्या सर्व यंत्रांचा पाया आहे, आणि ती शिकवण्यासाठी विजेची गरज नव्हती.

या शिस्तीला यंत्राची जोड का लागली, याचा उलगडा १९५२ च्या कोपनहेगनमध्ये होतो. त्या वर्षी तेथे पोलिओची भीषण साथ आली आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बनचे क्षार वाढलेले दिसत होते, आणि डॉक्टर त्याचा अर्थ क्षारता वाढली असा लावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी निराळा अर्थ लावला: श्वास अपुरा पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचत आहे आणि रक्त उलट आम्ल होत आहे. रक्ताची आम्लता प्रत्यक्ष मोजल्यावर त्यांचेच म्हणणे खरे ठरले. मग श्वासनलिकेला छेद देऊन, त्यात नळी बसवून रबरी पिशवीने हाताने श्वास देण्याचा उपाय सुरू झाला, आणि सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने ते काम केले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि १९५३ मध्ये अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उभा राहिला. अतिदक्षता विभागाची सुरुवात सामान्यतः तेथपासून मानतात. येथे प्राण वाचवले ते हातांनी, परंतु कोणत्या उपायाने ते वाचतील हे दाखवले मोजमापाने. त्याच डेन्मार्कमध्ये १९५६ मध्ये तयार झालेली, दाबून सोडल्यावर आपोआप फुगणारी अंबू बॅग आज ग्रामीण भागातील प्रसूतिगृहांपर्यंत पोहोचली आहे.

पुढच्या दशकात हृदयविकाराच्या रुग्णांसाठी पडद्यावर अखंड ईसीजी दाखवणारी यंत्रे आली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निर्माण होणारा, मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागणारा विद्युत्‌दाब छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडांमार्फत टिपायचा, तो वर्धकाने मोठा करायचा आणि ठोक्यांचा वेग ठरावीक मर्यादेबाहेर गेला की घंटा वाजवायची, असे या यंत्राचे काम असते. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९६८ मध्ये हृदयरुग्णांसाठी असा कक्ष सुरू झाला, आणि डॉ. फारोख उदवाडिया यांच्यासारख्यांनी महाराष्ट्रात अतिदक्षता-वैद्यकाचा पाया घातला. अतिदक्षता-वैद्यकाची अखिल भारतीय संघटनाही १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. पालक्काड येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या बीपीएलसारख्या कंपनीने ईसीजी यंत्रे देशात बनवायला घेतल्यावर ती लहान शहरांतील दवाखान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. तरीही विदर्भातल्या गंभीर रुग्णाला दीर्घकाळ नागपूर आणि १९६९ मध्ये सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय हेच मोठे आधार होते. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येण्यासाठी २००२ साल उजाडावे लागले.

याच विदर्भाने मात्र रुग्णनिरीक्षणाच्या तंत्रात स्वतःची अशी भर घातली आहे, आणि अभियांत्रिकीच्या इतिहासात तिची जितकी दखल घेतली जायला हवी तितकी घेतली जात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता तो बालकांच्या न्यूमोनियाचा. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या तान्ह्या मुलाचे ५० किंवा अधिक असले तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, हा निकष ज्ञात होता. परंतु ज्या दाया बाळाजवळ असत, त्यांतील अनेकींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने श्वासमापक तयार केला, आणि त्याचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा, एवढीच त्याची रचना होती. लहान बाळासाठी एक रांग, मोठ्यासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. दायांनी या साधनाने केलेले निदान ८२ टक्के वेळा बरोबर ठरले. वापरणाऱ्याची कुवत आणि मोजायच्या राशीची मर्यादा या दोन्ही गोष्टी आधी नीट ठरवून मग साधन घडवणे, ही अभियांत्रिकीची सर्वांत कठीण पायरी असते, आणि येथे ती पूर्णपणे साधली आहे. धोक्याची मर्यादा यंत्रातच रंगाने बसवलेली असल्यामुळे त्याला योग्यता महागड्या मॉनिटरच्या घंटेचीच आहे.

वऱ्हाडातील गंभीर आजारांचे स्वरूपही विचारात घ्यावे लागते. कपाशी आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा ही नेहमीची आणीबाणी आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने बाधित झाले आणि त्यांतील अनेक मृत्युमुखी पडले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने शरीरातील स्राव वाढतात, श्वासनलिका भरून येतात आणि स्नायू दुबळे पडतात. उताऱ्याचे औषध अ‍ॅट्रोपिन, आणि त्याचा डोस वजनावरून एकदाच ठरवून भागत नाही. छातीतील घरघर थांबेपर्यंत, नाडीचा वेग आणि रक्तदाब पुरेसा वाढेपर्यंत दर काही मिनिटांनी पाहत पाहत तो वाढवावा लागतो, आणि बरा वाटणारा रुग्ण दोन-तीन दिवसांनी अचानक श्वास थांबून जाऊ शकतो. अशा रुग्णाला व्हेंटिलेटर, म्हणजे कृत्रिम श्वास देणारे यंत्र, लागते; पण ते नेमके केव्हा लावायचे हे कळण्यासाठी त्याआधीचे कित्येक तास कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेले असावे लागते.

श्वास अपुरा पडत असल्याचे रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसण्यापूर्वी सांगणारे साधन म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. त्याचे तत्त्व जपानच्या निहोन कोहदेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त बाहेर टाकते हे मोजण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता, आणि नाडीच्या ठोक्यामुळे होणारा चढउतार त्यात व्यत्यय आणत होता. तो व्यत्यय दूर करताना त्यांच्या लक्षात आले की ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाशाचा अंश हा केवळ धमनीतल्या रक्तामुळे बदलतो, त्वचा आणि मांस यांचा त्यात वाटा नसतो. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त प्रकाश अधिक; रिते रक्त याच्या उलट वागते. दोन्ही प्रकाशांच्या ठोक्याबरोबर बदलणाऱ्या अंशांचे गुणोत्तर घेतले की रक्तातील किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे हे सुई न टोचता कळते. १९८० च्या दशकात हे साधन शस्त्रक्रियागृहांत पसरले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासयादीत त्याला स्थान मिळाले.

वाशीमच्या खेड्यांत ते पोहोचले २०२० मध्ये. कोविडच्या साथीत १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आशा सेविका व स्वयंसेवकांची पथके ऑक्सिमीटर आणि दुरून ताप मोजणारा तापमापक घेऊन घरोघर फिरली. ज्या मोजमापासाठी पूर्वी अतिदक्षता कक्षात दाखल व्हावे लागे, ते आता अंगणात होऊ लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथील निवासी शाळेत २२९ विद्यार्थी एकाच वेळी बाधित आढळले, तेव्हा या बदलाचे मोल स्पष्ट झाले. इतक्या मुलांना खाटा देणे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाला शक्य नसते. त्यांतील कोणाची प्रकृती उतरणीला लागली आहे हे रोज हुडकून काढणे मात्र बोटाला लावायच्या चिमट्याने शक्य होते. सहा मिनिटे चालायला लावून त्यानंतर आकडा घसरतो का ते पाहण्याची चाचणीही याच काळात लोकांच्या तोंडी झाली. गावातल्या माणसाला ‘ऑक्सिजन किती आहे’ हा प्रश्न ताप किती आहे इतकाच सहज वाटू लागला, हा या साथीने मागे ठेवलेला एक खरा लाभ आहे.

या साधनाची एक मर्यादाही त्याच वर्षी पुढे आली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असतानाही रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याची शक्यता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होती, कारण त्वचेतील रंगद्रव्य प्रकाशाच्या मोजणीत ढवळाढवळ करते आणि यंत्रांचे प्रमाणीकरण मुख्यतः उजळ कातडीच्या लोकांवर झालेले असते. उन्हात राबणाऱ्या वऱ्हाडी शेतमजुराच्या बोटावर हा आकडा कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न त्यामुळे नुसता तात्त्विक राहत नाही.

यंत्रे गावोगाव पोहोचली तरी ती चालू ठेवणे हे वेगळेच शास्त्र आहे आणि त्याकडे आपल्या आरोग्यव्यवस्थेचे लक्ष उशिरा गेले. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशभरातील सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद पडलेली आढळली. त्यानंतर २०१५ पासून देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम आखला गेला, आणि जिल्हा रुग्णालयातील उपकरणे वर्षातील किमान ९५ टक्के काळ, सामुदायिक आरोग्य केंद्रातील ९० टक्के आणि प्राथमिक केंद्रातील ८० टक्के काळ चालू राहिली पाहिजेत असा दंडक घालण्यात आला. भारनियमनाची सवय असलेल्या प्रदेशात दाबाच्या चढउताराने जळणारे सर्किट, तुटलेली प्रोबची तार, संपलेली बॅटरी आणि जिल्ह्यात न मिळणारा सुटा भाग ही बंद यंत्रांची ओळखीची कारणे आहेत. जिल्हा स्तरावरील बायोमेडिकल अभियंता हा म्हणूनच अतिदक्षतेचा तितकाच आवश्यक घटक आहे जितका भूलतज्ज्ञ. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालकांचा जीव गेला. कमी वजनाच्या बाळांना ऊब, प्राणवायू आणि अखंड निरीक्षण पुरवणाऱ्या या कक्षांनी विदर्भात असंख्य बाळे वाचवली आहेत. परंतु प्राणवायूने समृद्ध हवा आणि अहोरात्र चालणारी विद्युत उपकरणे जेथे एकत्र येतात, तेथे वायरिंगची तपासणी हादेखील उपचाराचाच भाग ठरतो, हे त्या रात्रीने फार मोठी किंमत घेऊन शिकवले.

अकोल्याच्या वाटेवरचा प्रश्नही याच काळात काही अंशी सुटला. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा राज्यात सुरू झाली, आणि तिच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ मध्ये मॉनिटर, हृदयाला विजेचा धक्का देणारे डिफिब्रिलेटर आणि व्हेंटिलेटर अशी सामग्री होती. नातेवाइकांच्या मांडीवर डोके ठेवून होणारा प्रवास त्यामुळे निदान काही रुग्णांपुरता तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होऊ लागला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. त्याने अंतर कमी केले, आणि वेगवान वाहनांच्या अपघातांतील जखमींची नवी जबाबदारीही जिल्ह्यावर टाकली.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच वेळी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला, त्यांत वाशीमचे महाविद्यालय आहे. महाविद्यालयाबरोबर अध्यापक, निवासी डॉक्टर आणि रात्रपाळीला जागे असणारे विद्यार्थी येतात, आणि रुग्णनिरीक्षणाच्या दृष्टीने जिल्ह्याला आजवर सर्वाधिक उणीव भासली ती याच मनुष्यबळाची. त्याबरोबर संशोधनाचीही सोय होते. मुंबईच्या आयआयटीत २०१४ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राची एक शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे, म्हणजे उपकरणे घडवणारे अभियंते विदर्भातच उपलब्ध आहेत. ऑक्सिमीटरचा आकडा आणि त्याच वेळी धमनीतून घेतलेल्या रक्ताची वायुतपासणी शेजारी ठेवून पाहणे हे फार खर्चाचे काम नाही. येथील कातडीवर आणि उन्हाळ्याच्या तापमानात यंत्र किती चुकते, हे वाशीमच्या कक्षातल्या नोंदींवरून वाशीमलाच ठरवता येईल.